त्याचं काय आहे, ॲक्च्युअली…

गेल्या पावसाळ्यात एका सकाळी मी ‘ॲक्च्युअली’ मोजायला घेतले. भोईवाडा आमचा परळचा. भुलेश्वरलाही एक भोईवाडा आहे, तो निराळा. दूध आणायला उतरलो तर पहिला जिन्याखालीच मिळाला. बॅट पाठीमागे लपवून उभा असलेला मुलगा म्हणाला, “ॲक्च्युअली काका, काच आम्ही नाही फोडली.” दुसरा गॅलरीतून आला. शेजारची कॉलेजात जाणारी मुलगी ओले केस पुसत फोनवर सांगत होती, “अगं, मी ॲक्च्युअली निघालेच आहे.” तिसरा न्यायालयाबाहेरच्या चहाच्या टपरीवर. वकिलाचा कारकून पक्षकाराची समजूत घालत होता, “ॲक्च्युअली साहेब आज रजेवर आहेत, पुढची तारीख पडेल.” बोटांची पेरं संपली तेव्हा अकराही वाजले नव्हते. मोजणी तिथंच सोडली.

कोशात या शब्दाचा अर्थ ‘प्रत्यक्षात, वास्तवात’ असा सापडेल. पण बॅटवाल्या पोराचा आविर्भाव काही वेगळंच सांगत होता आणि मुलगी तर डोळ्यांदेखत घरातच होती. खरेपणाचा शब्द, आणि तो बाहेर निघतो नेमका खऱ्याला जरा वळसा घालायचा असतो तेव्हा! गेली काही वर्षं मराठीच्या काळजीवाहू लेखांत या शब्दाला भरपूर शिव्या बसल्या आहेत. त्यातल्या काही मीही दिल्या आहेत. पण हा शब्द मुळात काय आहे, इथं आला कसा आणि कोणाची जागा त्यानं घेतली, हे एकदा नीट पाहावं म्हणून हा आढावा.

मूळ लॅटिन. ‘आगेरे’ म्हणजे हाकणं, चालवणं, करणं. गुरं हाकण्यापासून न्यायालयात दावा चालवण्यापर्यंत सगळ्याला रोमन माणूस हेच क्रियापद लावी. संस्कृतातला ‘अज्’ हा धातू, अर्थ तोच, हाकणं, याच कुळातला. आगेरेपासून ‘आक्टुस’, म्हणजे केलेली गोष्ट, कृती. त्याचा पसारा आपल्या रस्त्यावरही आहे. एजंट, ॲक्टिंग, ॲक्शन, चाळीच्या तोंडाशी आडवी लावलेली ॲक्टिव्हा, सगळी एका बापाची पोरं. ‘एक्झॅक्टली’सुद्धा. त्याच आगेरेच्या आधी ‘एक्स’ लागून ते झालं, त्यामुळे ‘एक्झॅक्टली’ आणि ‘ॲक्च्युअली’ भावंडं आहेत, हे ती दोन्ही एका वाक्यात कोंबणाऱ्यांना ठाऊक नसतं.

मध्ययुगातल्या युरोपीय पंडितांनी ‘आक्टुआलिस’ हे विशेषण ॲरिस्टॉटलच्या एका जुन्या भेदासाठी राबवलं. बीजात झाड असतं ते शक्यतेच्या रूपात. अंगणात उभं राहतं ते कृतीत उतरलेलं. जे उतरलं ते आक्टुआलिस. ख्रिस्ती धर्मशास्त्रातही तसंच: जन्मानं चिकटलेलं मूळ पाप वेगळं आणि माणसानं स्वतः केलेलं पाप वेगळं. दुसऱ्याला ‘ॲक्च्युअल’ म्हणत. फ्रेंचमार्गे हा शब्द चौदाव्या शतकात इंग्रजीत शिरला आणि पंधराव्याच्या आरंभी त्याला शेपूट लागून क्रियाविशेषण झालं. ‘करणं’ हा अर्थ पुढेही बराच काळ जिवंत होता. शेक्सपिअरच्या मॅकबेथमध्ये झोपेत चालणाऱ्या राणीबद्दल वैद्य दासीला विचारतो, की चालणं आणि इतर कृती सोडून, तिला कधी काही बोलताना ऐकलंस का. तिथं ‘ॲक्च्युअल’ आहे, आणि त्याचा अर्थ ‘खरं’ नाही, ‘कृतीतलं’ आहे.

शेपटाचीही एक गंमत सांगून टाकतो. इंग्रजीतला ‘ली’ हा जुन्या इंग्रजीतल्या ‘देह’ या अर्थाच्या शब्दापासून झाला. फ्रेंच माणूस त्याच जागी ‘माँ’ लावतो, तो लॅटिनमधल्या ‘मन’ या अर्थाच्या शब्दापासून. म्हणजे क्रियाविशेषण करताना एकानं देह घेतला, दुसऱ्यानं मन. आपण ‘-पणे’, ‘-तः’ लावतो, नाहीतर सरळ तृतीयेचा ‘-ने’ लावून मोकळे होतो.

फ्रेंच ‘आक्त्युएल’ मात्र भलत्याच वाटेनं गेलं. जे कृतीत आहे ते आत्ता आहे, म्हणून त्याचा अर्थ ‘सध्याचं, चालू’ असा झाला. जर्मन ‘आक्टुएल’चंही तेच, स्पॅनिशचंही. मॅक्स म्यूलर भवनात जर्मन शिकणारी मराठी पोरं इथं हमखास घसरतात. बातमी ‘आक्टुएल’ आहे म्हणजे ताजी आहे, खरी असेलच असं नाही. इंग्रजीतही सतराव्या शतकात ‘सध्या’ हा अर्थ येऊन गेला, पण टिकला नाही. अठराव्या शतकात शब्दानं खरी कलाटणी घेतली. वस्तुस्थिती सांगण्याऐवजी तो बोलणाऱ्याचा भाव सांगू लागला: तुला वाटतं तसं नाहीये, नवल आहे पण असंच आहे. पुढे इंग्रज तो वाक्याच्या टोकाला ठेवू लागले, नकाराची धार बोथट करायला. २००३ सालच्या ‘लव्ह ॲक्च्युअली’ या चित्रपटाच्या नावात तो असाच शेवटी, जरा संकोचून उभा आहे. खुद्द इंग्रजांनाही या शब्दाचा वीट आलेला आहे. हा निरर्थक चाळा सोडा, असं तिकडची शैलीची पुस्तकंही बजावतात.

आता परळ.

या गिरणगावाला इंग्रजी शब्दांचं वावडं कधीच नव्हतं. जॉबर, बदली, ओव्हरटाइम, खाडा यांच्या मिसळीवर शंभर वर्षं संसार झाले. पण त्या काळी आलेली क्रियाविशेषणं पाहा: ‘पाळी सुटली की डायरेक्ट घरी ये’, ‘पंखा फुल सोड’, ‘रविवारी डबल मिळतात’. एकालाही ‘ली’ नाही. ती कानानं आली होती, साच्यावर उभं राहून. विशेषण की क्रियाविशेषण, याचा हिशेब मागायला तिथं मास्तर नव्हता. उलट ‘बेसिकली’, ‘जनरली’, ‘फायनली’, ‘सिरियसली’, ‘ॲक्च्युअली’ ही मंडळी शाळेतून आली, पुस्तकातली शेपटं जशीच्या तशी सांभाळून. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि गिरण्या पुन्हा पूर्वीसारख्या उभ्या राहिल्या नाहीत. त्या जागांवर मॉल आले, काचेच्या कचेऱ्या आल्या. बापाच्या तोंडी ‘डायरेक्ट’ होतं, मुलीच्या तोंडी ‘ॲक्च्युअली’ आलं. मध्ये इंग्रजी माध्यमाची फी आहे, मुलाखतीची तयारी आहे, फोनवर परदेशी गिऱ्हाइकाशी बोलायच्या रात्रपाळ्या आहेत. एका अक्षराच्या त्या ‘ली’त एका वस्तीचा पन्नास वर्षांचा इतिहास आहे, असं मला वाटतं, आणि म्हणून या शब्दाला नुसता ‘फॅड’ म्हणून उडवून लावणं मला जमत नाही.

एक लहानशी नोंद लिपीची. हा शब्द लिहायचा कसा यावर छापखान्यांत बराच गोंधळ होता. कोणी ‘अ’वर चंद्र देई, कोणी ‘ए’वर. राज्य शासनाच्या २००९ च्या निर्णयानं ‘ॲ’ आणि ‘ऑ’ हे दोन स्वर मराठी वर्णमालेत रीतसर आले. उच्चार मात्र अजून बेवारस आहे. ‘ॲक्च्युअली’, ‘ॲक्चुली’, ‘ॲक्चली’, आणि घाईत असेल तर नुसतं ‘ॲक्शली’. जितका जास्त वापर तितकी झीज, हे नाण्यांसारखंच.

मराठीत याला शब्द नाही का? आहेत, ढिगानं आहेत. ‘वास्तविक’, ‘वस्तुतः’, ‘खरं तर’, ‘खरं म्हणजे’, ‘प्रत्यक्षात’, ‘मुळात’, ‘चक्क’. आणि इथंच आपली पहिली चूक होते. आपण या सगळ्यांची एक रांग लावतो आणि म्हणतो, एवढे घरचे असताना बाहेरचा कशाला? पण हे एकमेकांच्या जागी बसत नाहीत. ‘प्रत्यक्षात’ म्हणजे डोळ्यांसमोर. कागदावर एक आणि जागेवर दुसरं, अशा वेळी तो लागतो. दिवाणी दाव्यात ‘प्रत्यक्ष ताबा’ म्हणतात तो हाच. ‘मुळात’ प्रश्नाच्या मुळाशी नेतो आणि बहुधा भांडण वाढवतो: ‘मुळात तुला सांगितलं कोणी होतं?’ ‘वास्तविक’ला तक्रारीचा वास आहे, ‘वास्तविक हे तुमचं काम’. आणि ‘चक्क’ हा तर हिरा आहे. ‘तो चक्क वेळेवर आला’ यातलं नवल, थोडा उपहास, थोडा आनंद, इतकं सगळं इंग्रजीला ‘ॲक्च्युअली’वर आवाज चढवून आणावं लागतं. आपल्याकडे त्याला स्वतंत्र शब्द आहे, तोही दोन अक्षरांचा.

राहिलं ‘खरं तर’. बहुतेक शुद्धतावादी हाच पर्याय सुचवतात. याची अडचण भोईवाड्याच्या न्यायालयात नीट कळते. साक्षीदार आत्ताच शपथ घेऊन पिंजऱ्यात उभा आहे, खरं तेच सांगेन म्हणून. पहिल्या प्रश्नाला एक उत्तर दिलं, दुसऱ्याला त्यात थोडी दुरुस्ती करायची आहे. तो ‘खरं सांगायचं तर’ म्हणाला की समोरचा वकील मान वर करणारच: मग मघाशी काय सांगत होतात? ‘खरं तर’ उच्चारलं की आधीचं खोटं ठरायला लागतं. ‘ॲक्च्युअली’ तसं करत नाही. तो आधीच्या वाक्याचा हात न सोडता पाऊल जरासं बाजूला टाकू देतो. परका असल्यामुळे त्याच्या अंगावर ‘सत्य’ या शब्दाचं वजन नाही.

न्यायालयापासून थोडं चाललं की परळची इस्पितळं. १९२६ सालचं केईएम, १९४१ पासूनचं टाटा, वाडिया. राज्यभरातून माणसं येतात, फुटपाथवर पथारी पसरून दिवस काढतात. त्यांची भाषा वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी, काहीही असो, एक शब्द ती इथं शिकतात. तरुण डॉक्टर कागद चाळतो, चष्मा सारखा करतो आणि म्हणतो, “ॲक्च्युअली… बसा ना तुम्ही.” पुढचं ऐकायच्या आधीच बाई पदराचं टोक हातात धरते. तिला कोशातला अर्थ माहीत नाही, पण ‘आता जे येतंय ते तुम्हाला वाटलं होतं तसं नाही’ हा संदेश बिनचूक पोचलेला असतो. अठराव्या शतकात इंग्रजीत या शब्दानं जी कलाटणी घेतली, ती तिला दोन सेकंदांत समजली. त्या जागी डॉक्टरनं ‘वस्तुतः’ म्हणावं, असं सुचवायची माझी छाती नाही.

मग या जागी आधी काय होतं? डॉक्टर, वकील, उशिरा येणारी मुलगी ही माणसं काही काल जन्मली नाहीत. माझं उत्तर असं, की आपण चुकीच्या खणात हात घालतो. ‘सत्य’च्या खणात शोधतो, शोधायला हवं ‘म्हणजे’च्या खणात. ‘त्याचं काय आहे’, ‘नाही, म्हणजे’, ‘त्याचं असं झालं’, ‘तसं नव्हे हो’, ‘आता कसं सांगू’. उधारी मागायला आलेल्याला, मुलीला नकार कळवायला आलेल्या मध्यस्थाला, रजा मागणाऱ्या कारकुनाला मराठीनं ही वाक्यं दिली होती. यांतल्या एकाचंही भाषांतर ‘ॲक्च्युअली’ नाही, आणि ‘ॲक्च्युअली’ नेमका त्यांच्याच पाटावर बसला आहे. बॅटवाल्या पोराचं वाक्य पुन्हा म्हणून पाहा: ‘त्याचं काय आहे काका, काच आम्ही नाही फोडली.’ ठाकठीक बसतं. फक्त पन्नाशीचं वाटतं.

असे शब्द परभाषेतून इतक्या सहज का येतात, याचा अभ्यास झालेला आहे. यारॉन मात्रास या भाषावैज्ञानिकानं १९९८ साली मांडलं, की दोन भाषा एकाच डोक्यात नांदत असतील तर संभाषण हाकणारे शब्द, म्हणजे ‘पण’, ‘बरं’, ‘मग’ यांच्या जातीचे, सर्वांत आधी उसने घेतले जातात. बोलण्याचा लगाम सांभाळताना मेंदू दोन वेगळे लगाम ठेवायचा कंटाळा करतो. त्यात मराठीपुरती माझी एक पुस्ती. नाम उसनं आणलं की त्याचं लिंग ठरवावं लागतं, सामान्यरूप करावं लागतं; बस ‘ती’ का आणि टेबल ‘ते’ का, यावर घरात वाद. क्रियाविशेषणाला यातलं काही नाही. दादोबा पांडुरंगांनी १८३६ साली इंग्रजी व्याकरणाच्या धाटणीवर ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ रचलं तेव्हापासून आपण शाळेत घोकत आलो: क्रियाविशेषण हे अव्यय, त्याला विकार नाही. बिनसामानाचा उतारू. दारात कोणी अडवतच नाही.

रहदारी एकेरीही नाही. आमच्याकडचा माणूस इंग्रजीत पत्ता सांगताना ‘आय लिव्ह हिअर ओन्ली’ म्हणतो, तेव्हा तो इंग्रजीत ‘इथेच’मधला ‘च’ पेरत असतो. ‘ॲक्च्युअली’ घेतला, ‘च’ दिला. सौदा फार वाईट नाही.

असा परका शब्द पुढे रुजतो की जातो, हे समजायला फारशीच्या वेळचा हिशेब उघडून पाहण्यासारखा आहे. शिवाजी महाराजांच्या आज्ञेनं रघुनाथपंतांनी राज्यव्यवहारकोश केला, दरबारी फारशी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. इतिहाससंशोधक राजवाड्यांनी १६२८, १६७७ आणि १७२८ अशा तीन सालांतले कागद समोर ठेवून दाखवलं, की त्या शंभर वर्षांत मराठी लेखनातल्या फारशी शब्दांचं प्रमाण झपाट्यानं खाली आलं. विसाव्या शतकात सावरकरांनी तोच झगडा पुन्हा मांडला. त्यांचे ‘दिनांक’ आणि ‘महापौर’ आज सरकारी कागदावर आहेत. दादरला राहणाऱ्या या माणसाचे शब्द दादरच्या पाट्यांवरही आहेत. पण हे रुजलेले शब्द पाहिले तर बहुतेक सगळी नामं. हुद्दे, खाती, वस्तू. ‘फक्त’ जागचा हलला नाही. ‘बिलकुल’, ‘जरूर’, ‘दररोज’, ‘एकदम’, ‘वगैरे’ हेही निवांत बसून राहिले. भोईवाड्याच्या नावाला शोभेल असं सांगायचं तर, पालखीतला सरदार बदलला की लोकांना कळतं. भोई बदलला तर कोण पाहतो?

भोईवाड्याहून नायगावकडे चालत गेलं की मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय लागतं, १८९८ साली स्थापन झालेलं. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश चाळायला मी तिथं अधूनमधून जातो. १८५७ च्या त्याच्या दुसऱ्या आवृत्तीत शब्दापुढे कुळाची खूण असते: संस्कृत, फारशी, अरबी, हिंदुस्थानी. ‘फक्त’पुढे अरबीची खूण आहे. म्हणजे तेव्हा निदान कोशकाराला तरी तो पाहुणा आहे हे सांगावंसं वाटत होतं. आज ‘ॲक्च्युअली नको, फक्त मराठी बोला’ असा फलक कोणी लावला, तर त्यातला ‘फक्त’ कोणाच्या डोळ्यांत खुपणार नाही.

म्हणून ‘ॲक्च्युअली’ला हाकलावं, असं माझं म्हणणं उरलेलं नाही. इस्पितळात आणि न्यायालयात तो काम करतो, त्याला करू द्यावं. माझी तक्रार दुसरीच आहे. हा शब्द फार खादाड आहे. ‘त्याचं काय आहे’ची जागा घेऊन तो थांबला असता तर मी हा लेख लिहिला नसता. पण ‘तो चक्क वेळेवर आला’ हे वाक्य आता ‘तो ॲक्च्युअली वेळेवर आला’ असं ऐकू येतं. ‘मुळात प्रश्न असा आहे’ हे ‘ॲक्च्युअली प्रश्न असा आहे’ झालं. ‘प्रत्यक्षात खर्च दुप्पट आला’ यातला ‘प्रत्यक्षात’ही गेला. पाच वेगवेगळ्या हत्यारांचं काम एकच पाना करू लागला की कारागीर चार हत्यारं घरी ठेवतो आणि एक दिवस ती कुठं ठेवली होती हे विसरतो. वर्तमानपत्रांच्या उपसंपादकांनी आणि मालिकांच्या संवादलेखकांनी एवढं एक केलं तरी पुरे: ‘ॲक्च्युअली’ खोडू नका, पण जिथं नवल असेल तिथं ‘चक्क’ लिहा.

आमच्या मजल्यावर एक मालवणी आजी आहेत. त्यांच्या नातवानं परवा माझी छत्री नेली आणि विसरून आला. तो दारात उभा राहून म्हणाला, “ॲक्च्युअली काका…” आणि थांबला. मागून आजी आल्या नि त्यांनी वाक्य पुरं केलं, “तसा नाय ओ, काय झाला म्हायत आसा?” दोघांची मान एकाच बाजूला कललेली, आवाज एकाच पट्टीत उतरलेला. तुमच्या घरात या जागी कोणता शब्द होता, तो आठवून पाहा. आठवत नसेल आणि विचारायला घरात कोणी वडीलधारं असेल, तर या आठवड्यात विचारून घ्या.